भाग ३४ : दहा प्रश्न आणि बाळंतिणीची खोली

 

मागच्या भागात आपण सीपीआर हॉस्पिटलच्या इतिहासावर बोललो. त्यानंतर एका श्रोत्या ताईंचा मेसेज आला. त्यांनी लिहिलं होतं, "बाळंतिणीच्या शरीराचं सगळं सांगितलंत. मनाचं कुणी कधी विचारलं का?" मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनियर, डॉक्टर नाही. त्यामुळे उपचार सांगणं माझं काम नाही. पण "हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला, कुठे विचारला आणि आपल्यापर्यंत तो का पोचला नाही" हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा धागा आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, म्हापशात सापडतो. तर आजचा भाग त्यावर.

सुरुवात कोल्हापुरातूनच करू.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. त्या आजारी अवस्थेतच भारतात परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर त्या कधी बसल्याच नाहीत.

शाळेत आपण एवढं शिकतो. पण दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. एक, चौदाव्या वर्षाच्या आसपास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. दोन, डॉक्टरकीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. मूल वेळेवर उपचार न मिळाल्यानं गेलं आणि म्हणून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण त्या दहा दिवसांनंतरचे महिने त्या मुलीनं कसे काढले, हे विचारायची त्या काळी पद्धतच नव्हती. प्रसूतिशास्त्र म्हणजे मूल सुखरूप बाहेर येणं आणि आई जिवंत राहणं. शंभराहून जास्त वर्षं आपली सगळी ताकद त्याच दोन गोष्टींवर लागली.

आणि ती वाया गेली असं अजिबात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं. २०१८-२० या काळात राज्याचं मातामृत्यू प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आलं होतं. आपल्या आज्यांच्या पिढीला हे खरं वाटलं नसतं. म्हणजे बाळंतीण वाचते. आता पुढचा प्रश्न विचारायला हवा : वाचलेली बाळंतीण कशी आहे?

आपल्याकडे हा प्रश्न कुणाच्या मनातच नव्हता असंही नाही. बाळंतपणानंतरचा काळ वेगळा असतो, हे जुन्या लोकांना पक्कं माहीत होतं. सुश्रुतसंहितेत प्रसूतीनंतर साधारण दीड महिना स्त्रीला 'सूतिका' मानलंय. आपला घरगुती हिशोब सव्वा महिन्याचा. वेगळी खोली, कानाला बांधलेला रुमाल, शेक, धुरी, अळीव, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा, मग सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणार. गंमत बघा, सटवाई लिहिते ते बाळाचं. आईचं नशीब आधीच लिहून झालेलं असतं.

बाळंतिणीचं वागणं बदललं तर त्यालाही शब्द होते. 'बाळंतरोग' होता. 'वारं लागलं' होतं. 'बाहेरचं झालं' होतं. माझी आत्या सांगते की त्यांच्या गावात एक बाळंतीण बाळाकडे पाठ करून पडून राहायची, तर तिला उतारा करून झाला, अंगारा लावून झाला. "मग?" मी विचारलं. "मग काय, तिच्या आईनं येऊन तिला चार महिने आपल्याजवळ ठेवलं. झाली बरी हळूहळू." आता यात दोन्ही आहे. दुखणं ओळखायला चुकीचं नाव आहे, आणि उपचार म्हणून आईचा आधार आहे. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांना यातला अंगारा दिसत नाही, आणि जुनं ते सगळं खुळं म्हणणाऱ्यांना ते चार महिने दिसत नाहीत.

आता थोडं युरोपात जाऊ.

१८५८ साली पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से नावाच्या डॉक्टरानं गरोदर, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. या विषयावर काम करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संस्था १९८० मध्ये निघाली, तिला त्याचंच नाव आहे. पण मार्सेनं बघितलेल्या बायका म्हणजे वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोचलेल्या. ज्या घरात राहून, स्वयंपाक करून, बाळाला पाजून आतल्या आत खचत होत्या, त्या त्याच्या समोर आल्याच नसणार.

त्या बायका मोजल्या ब्राइस पिट यांनी, लंडनमध्ये, १९६८ साली. त्यांनी बाळंत झालेल्या साध्यासुध्या ३०५ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ११ टक्के नैराश्यात होत्या. वेड नाही, आरडाओरडा नाही. रडू, थकवा, चिडचिड, बाळाची सतत भीती. दवाखान्यात कुणी आणून सोडावं असं यात काही नाही, म्हणून कुणी आणत नव्हतं.

इथं एक फरक स्पष्ट करून ठेवतो, कारण आपल्याकडे तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. पहिली, बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं. हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप जातं. दुसरी, नैराश्य. हे आठवडे, महिने टिकतं आणि आपोआप जाईलच असं नाही. तिसरी, भ्रम, भास, असंबद्ध बोलणं. ही दर हजारात एक-दोघींना होते, अचानक होते आणि तिथे वाट बघत बसायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. आजचा भाग मधल्या गोष्टीबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त सुटते ती तीच.

तर हे नैराश्य ओळखायचं कसं? इथं जॉन कॉक्स यांचा प्रवेश होतो. हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ १९७० च्या दशकात युगांडात काम करत होते. तिथल्या गांडा लोकांत 'अमाकिरो' नावाचा बाळंतिणींचा आजार सांगितला जायचा, अगदी आपल्या बाळंतरोगासारखा. कॉक्स यांनी तिथल्या खेड्यातल्या गरोदर आणि बाळंत बायकांचा अभ्यास केला. पुढे स्कॉटलंडमध्ये आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नैराश्य मोजायच्या उपलब्ध प्रश्नावल्या बाळंतिणीला लागू पडत नाहीत. त्या प्रश्नावल्या विचारतात : झोप लागते का? थकवा येतो का? भूक कशी आहे? अहो, तीन आठवड्यांचं बाळ घरात असताना कुठल्या आईला झोप लागते? या प्रश्नांवर प्रत्येक बाळंतीण आजारीच निघणार.

म्हणून कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सगोव्स्की या तिघांनी १९८७ साली नवीन प्रश्नावली छापली. तिचं नाव 'एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल'. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. शरीराच्या तक्रारी शक्य तेवढ्या बाजूला काढलेल्या. झोपेचा प्रश्न आहे, पण तो असा की दुःखामुळे झोप उडते का. बाळ रडलं म्हणून उठणं त्यात धरलेलं नाही. बाकी हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, स्वतःला उगाच दोष देते का, कारण नसताना धास्ती वाटते का, असं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. तेरा किंवा जास्त झाले की या बाईशी नीट बसून बोलायला हवं. आणि दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचाराबद्दल. तिथे शून्याखेरीज दुसरं कुठलंही उत्तर आलं तर एकूण बेरीज बघायचीच नाही, आधी तिच्याशी बोलायचं.

पाच-दहा मिनिटांत भरून होतो. कागद आणि पेन, बस्स. माझ्यासारख्या माणसाला यात सगळ्यात आवडतं ते हे की याला कुठलंही मशीन लागत नाही.

आता म्हापसा.

१९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. विक्रम पटेल. ते, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी म्हापशाच्या आझिलो या जिल्हा इस्पितळात एक अभ्यास केला. आझिलो म्हणजे उत्तर गोव्यातल्या साध्या लोकांचं सरकारी इस्पितळ. तिथे शेवटच्या तिमाहीत तपासणीला आलेल्या २७० गरोदर बायकांना त्यांनी अभ्यासात घेतलं आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा गाठलं. एडिनबराची प्रश्नावली त्यासाठी कोकणीत आणली.

हे 'कोकणीत आणली' वाटतं तेवढं सोपं नाही. आपण मराठीचंच बघू. 'डिप्रेशन'ला आपण पुस्तकात 'नैराश्य' म्हणतो, पण मी आजवर एकाही बाईच्या तोंडून "मला नैराश्य आलंय" ऐकलेलं नाही. "जीव लागत नाही कशात." "कसंतरीच होतंय." "डोकं उठलंय नुसतं." "टेन्शन आलंय." किंवा सरळ "अंगात त्राण नाही हो डॉक्टर." शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं की बाई गोंधळते आणि 'नाही' म्हणून मोकळी होते. प्रश्न तिच्या भाषेत हवा, आणि मग गुणांची रेषा कुठे मारायची तेही इथल्या बायकांवर नव्यानं तपासून ठरवायला हवं. एडिनबराची तेराची रेषा म्हापशात जशीच्या तशी चालेल असं गृहीत धरता येत नाही.

अभ्यास २००२ साली छापून आला. त्यात काय निघालं?

सहा ते आठ आठवड्यांनी ५९ बायका नैराश्यात होत्या, म्हणजे २३ टक्के. जवळपास चारातली एक.

या ५९ पैकी ७८ टक्के बायकांना मनाचा त्रास गरोदरपणातच होता. म्हणजे तो बाळंतपणानं आणलेला नव्हता, आधीपासून होता. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

सहा महिन्यांनी बघितलं तर त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायका अजून तशाच होत्या. "होईल आपोआप बरं" हे निम्म्यांच्या बाबतीत खोटं ठरलं.

कारणं? गरिबी. नवऱ्याशी न पटणं. आणि पोटी आलेलं बाळ मुलगा की मुलगी. हे तिसरं कसं काम करतं ते नीट ऐका. घरात मारहाण आहे, खायची भ्रांत आहे, अशा बाईला धोका असतोच. पण बाळ कुठल्या लिंगाचं आहे यावर तो धोका बदलत होता. तिच्या मनाच्या दुखण्याचं एक टोक घरातल्यांच्या तोंडावर होतं : "मुलगीच झाली का?"

आणि अजून एक निष्कर्ष, ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नैराश्यात असलेल्या बायका दवाखान्यात जास्त वेळा येत होत्या. लपून बसलेल्या नव्हत्या. येत होत्या, कंबर दुखते म्हणत होत्या, गोळ्या घेऊन जात होत्या. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, याच गटानं बाळांबद्दल लिहिलं : आईच्या नैराश्याचा संबंध सहा महिन्यांच्या बाळाच्या कमी वजनाशी आणि उंचीशी होता. म्हणजे अंगणवाडीत बाळाचं वजन भरत नाही म्हणून आपण आईला बोलतो, "दूध पाजत नाहीस का गं नीट?" आणि काटा कदाचित आईबद्दलच काहीतरी सांगत असतो.

फक्त गोव्याचं असं आहे का? नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र मांडणी आली. एकूण २०,०४३ माता. सरासरी २२ टक्के.

आता परत कोल्हापूर. 'मुलगीच झाली का' हे वाक्य आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांचा जिल्हा, सहकाराचा जिल्हा, उसाचा-दुधाचा पैसा असलेला जिल्हा आणि हा आकडा. २००९ च्या सुमारास, लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, इथे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची यंत्रणा आली. सोनोग्राफी मशीनला एक यंत्र जोडायचं, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद राहते आणि नंतर पडताळता येते. देशभर त्याची चर्चा झाली, वादही झाले, कोर्टकचेऱ्याही झाल्या. २०११ च्या जनगणनेत आकडा ८६३ झाला. वाढला, पण अभिमान वाटावा एवढा नाही.

मला यात खटकतं ते हे. मुलगी जन्माला यावी म्हणून आपण मशीनला मशीन लावलं. ते गरजेचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण ती मुलगी जन्माला आली, लागोपाठ दुसरीही मुलगी झाली, घरात पेढ्यांऐवजी शांतता पसरली, त्या खोलीतल्या आईला कसं आहेस हे विचारायला आपण काय लावलं? म्हापशाचा अभ्यास २००२ चा आहे. म्हणजे सोनोग्राफीवर पाळत ठेवायच्या सात वर्षं आधीच आपल्या शेजारी हे लिहून ठेवलेलं होतं.

पण थांबा. त्या खोलीत कुणीतरी जातं. आशाताई जाते. आणि ती का जाते, हाही महाराष्ट्राचाच इतिहास आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च'च्या माध्यमातून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बाईला शिकवायचं आणि नवजात बाळाची काळजी घरात जाऊन घ्यायची. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यातूनच पुढे २०११ मध्ये देशभर घरभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई सहा वेळा घरी जाते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. म्हापशात पहिल्यांदा विचारलं होतं, जवळजवळ तोच दिवस.

म्हणजे माणूस योग्य घरात, योग्य दिवशी पोचतो. फॉर्म हातात असतो. फॉर्ममध्ये काय असतं? बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध ओढतं का. आईचाही भाग आहे : ताप, अंगावरून घाण वास येणारं जाणं, स्तनांच्या तक्रारी. आणि मनाच्या जवळ जाणारा एक प्रश्न : आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का?

बघा, हा प्रश्न हजारात एक-दोघींना पकडणारा आहे. शंभरातल्या बावीस जणी या प्रश्नाला 'नाही' म्हणूनच उत्तर देतील, कारण त्या अगदी संबद्ध बोलतात. फार तर कमी बोलतात.

दुसरीकडे आशाताईंच्याच हातात अजून एक फॉर्म असतो. रक्तदाब, मधुमेह वगैरेंच्या पाहणीचा. त्यात आता मनाबद्दलचे दोन प्रश्न आले आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतंय का. हे दोन प्रश्न चांगले आहेत. इंग्लंडमध्ये गरोदर बायकांना सुरुवातीला असेच दोन प्रश्न विचारतात आणि 'हो' आलं तरच पुढचं विचारतात. पण आपला तो फॉर्म तिशीच्या पुढच्यांसाठी आहे. आपल्याकडे बहुतेक बायकांची बाळंतपणं तिशीच्या आत उरकतात. म्हणजे प्रश्न तयार आहे, विचारणारी तयार आहे, फक्त ज्या वयात विचारायचा ते वय निघून गेल्यावर तो विचारला जातो. कोडमध्ये अशी चूक सापडली तर आम्ही म्हणतो की लॉजिक बरोबर आहे, कंडिशन चुकीची लागली आहे. एक ओळ बदलायची असते.

"मग उद्यापासून सगळ्यांना दहा प्रश्न विचारून टाकू की!" असं तुम्ही म्हणाल. इथं थोडं गणित करू.

१९८७ च्या मूळ अभ्यासात ८४ मातांवर प्रश्नावली तपासली, तेव्हा खरोखर नैराश्य असलेल्यांपैकी ८६ टक्के पकडल्या गेल्या आणि नसलेल्यांपैकी ७८ टक्के बरोबर वगळल्या गेल्या. हे आकडे फक्त गणितापुरते आपल्याकडे लावू. हजार माता, २२ टक्क्यांनी त्यांतल्या २२० नैराश्यात. प्रश्नावली १८९ पकडेल, ३१ सुटतील. उरलेल्या ७८० पैकी १७२ जणींना काही नसताना ती बोट दाखवेल. म्हणजे एकूण ३६१ बायकांची यादी तयार, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त खऱ्या.

आता या ३६१ जणींशी पुढे बसून कोण बोलणार? प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ती दार वाजवते, एवढंच. दार वाजवून निघून गेलात तर उलट नुकसान. एखाद्या सुनेनं पहिल्यांदा कुणापुढे तरी "हो, मरावंसं वाटतं" म्हणायचं आणि समोरच्यानं कागदावर खूण करून पुढच्या घरी जायचं, यापेक्षा न विचारलेलं परवडलं. म्हणूनच इंग्लंडच्या राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीनं सरसकट सगळ्यांची चाचणी घ्या अशी शिफारस केलेली नाही, आणि अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २०१६ मध्ये केली तेव्हा अट घातली की पुढची सोय हवी. वाद प्रश्नांचा नाही, पुढच्या पायरीचा आहे.

आणि त्या पायरीसाठी प्रत्येक गावात मनोविकारतज्ज्ञ लागतो का? इथं मात्र आशेची जागा आहे. पाकिस्तानात रावळपिंडी भागातल्या खेड्यांत आतिफ रहमान यांनी तिथल्या आरोग्यसेविकांना साध्या बोलण्याच्या उपचाराचं प्रशिक्षण दिलं. २००८ साली निकाल आला : सहा महिन्यांनी, ज्यांच्या घरी अशी प्रशिक्षित सेविका जात होती त्यांतल्या २३ टक्के अजून नैराश्यात होत्या, ज्यांच्याकडे साधी भेट होत होती त्यांतल्या ५३ टक्के. नंतर हाच कार्यक्रम गोव्यात आला. तिथे २८० गरोदर बायकांच्या अभ्यासात बोलण्याचं काम केलं ते गावातल्याच साध्या बायकांनी, ज्या स्वतः आया होत्या. २०१९ मध्ये निकाल छापले गेले. तिथला फायदा पाकिस्तानएवढा ठळक नव्हता, माफक होता, पण सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त होतं आणि खर्च कमी. मला आत्याच्या गावातली ती बाई आठवते. अनुभवी बाईनं जवळ बसणं, हाच त्यातला जुना भाग. नवीन भाग एवढाच की ते आता नशिबावर सोडलेलं नाही.

दवाखान्यात ठेवायची वेळ आलीच, तर त्याचीही वाट निघाली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. तो एडिनबरात सुचणारच नाही, कारण तिथे माहेर नावाची गोष्ट नाही.

समजा, सासर शिरोळ तालुक्यात, माहेर भुदरगडला. गरोदरपणाच्या नोंदी शिरोळच्या उपकेंद्रात. डोहाळजेवण झालं की मुलगी सातव्या महिन्यात माहेरी. बाळंतपण गारगोटीत. बेचाळिसाव्या दिवशी भुदरगडची आशाताई येते, तिनं या मुलीला आधी कधी बघितलेलंच नाही. ती आधी बोलकी होती की अबोल, तिला काय माहीत? मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुलगी सासरी परत. ओटी भरून, बाळंतविडा घेऊन. तिथे आशाताई ओळखीची आहे, पण तिच्या आईच्या सहा भेटी तर संपलेल्या. आणि म्हापशानं काय सांगितलं होतं? बहुतेकींना त्रास गरोदरपणातच असतो, म्हणजे सासरी. आणि निम्म्याहून जास्त जणींना सहा महिन्यांनीही असतो, म्हणजे पुन्हा सासरी. आपण मात्र मधल्या सव्वा महिन्याकडे बघतो, जेव्हा ती आईच्या कुशीत असते आणि कदाचित सगळ्यात कमी वाईट अवस्थेत असते.

आमच्या धंद्यात याला हँडओव्हर म्हणतात. एका टीमकडून दुसरीकडे काम जाताना जे लिहिलं जात नाही, तेच पुढे रात्री दोन वाजता फोन करून उठवतं. बाईच्या बाबतीत दोन उपकेंद्रं, दोन घरं आणि मधे एक माता-बाल कार्ड. त्या कार्डावर लसीची तारीख आहे, हिमोग्लोबिन आहे, वजन आहे. "सातव्या महिन्यात विचारलं, उदास होती" एवढी एक ओळ त्यावर असेल, तर भुदरगडच्या आशाताईला कळेल की इथे दहा मिनिटं जास्त बसायचं. आणि बाळाच्या लसीकरणाला, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी, आई तिथे असतेच. सुई बाळाला टोचतात, पण मांडी आईची असते. तिला तेव्हा दोन प्रश्न विचारायला वेगळी योजनाही नको. केरळनं 'अम्मा मनसु' नावानं गरोदर आणि बाळंत मातांच्या मनासाठी सरकारी कार्यक्रम उभा केला आहे, म्हणजे सरकारी यंत्रणेत हे बसत नाही असं कुणी म्हणू नये.

फक्त एक काळजी. विचारताना सासू, नवरा, जाऊ खोलीत नकोत. ज्या घरात दुखण्याचं कारण घरातच असू शकतं, तिथे चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकच असतं : "बरी आहे की."

तर मंडळी, ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात आत्ता बाळंतीण असेल, तर बाळाला बघायला जाल तेव्हा पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला. "बाळ कुणावर गेलंय" हे नंतर. आधी "तू कशी आहेस? हसू येतं का गं?" दोन आठवड्यांहून जास्त दिवस ती खचलेली वाटली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सीपीआरला घेऊन जा. तिनं जिवाबद्दल काही बोललं, किंवा ती असंबद्ध बोलायला लागली, भास होतायत म्हणाली, तर त्याच दिवशी, तिला एकटं न सोडता. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

ज्या ताईंनी मेसेज केला होता, त्यांना उत्तर : हो, विचारलं होतं. म्हापशात, पंचवीसेक वर्षांपूर्वी, चांगलं विचारलं होतं आणि उत्तरही मिळालं होतं. आता ते घाट चढून वर यायचं राहिलंय.

पुढच्या भागात आपण राधानगरी धरणावर बोलू. तोवर प्रश्न, सूचना पाठवत राहा. काळजी घ्या. भेटूच.